करेच्या दिवशी जुंपलेला ट्रॅक्टर

सन एकोणीसशे बासष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो आणि आमच्या गावात ट्रॅक्टर चालवता येणारा मी एकटा होतो. कोणाला यात फुशारकी दिसली तर दिसू द्या. खोटं बोलून लहान होण्यापेक्षा खरं बोलून मोठा दिसलेला बरा.

शाळेत मी तिसरीपर्यंत बसलो. पुढचं शिक्षण लोखंडाजवळ झालं. मारेगावच्या खालच्या अंगाला, जिथून झरी जामणीचं जंगल लागतं, तिथं नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे असं गवत, की वरून कापलं तर खालून हसते. बैलाच्या नांगराला ते मोजत नव्हतं. ते उपटायला सरकारी ट्रॅक्टर आले, त्या तुकडीत मी पाणी भरायला लागलो. मग पुसायला, मग ग्रीस मारायला, मग ड्रायव्हरच्या गादीवर. एक सरदारजी ड्रायव्हर होता, त्याला मी उस्ताद म्हणत असे. त्यानं मला टपल्या मारमारून शिकवलं. सकाळी मशीन चालू करायच्या आधी तेलाची काडी काढून पाहायची. पाणी पाहायचं. डिझेल फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत जाऊ द्यायचं नाही. धोतर नेसून वर चढायचं नाही. मडगार्डवर दुसरा माणूस बसवायचा नाही, राजा असला तरी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तो आपल्या हिंदीत सांगे, "मशीन जब तक चुप न हो, उतरना नहीं. भागनेवाला ही मरता है."

तुकडी गेली, आणि आमच्या गावच्या मालकांनी स्वतःचा ट्रॅक्टर आणला. लाल रंगाचा, बाहेरदेशचा. तो कोणाला चालवता येईना, म्हणून मला बोलावणं आलं. मालक म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. त्यांच्या दारावरून माझा आजा जोडे हातात घेऊन जात असे. माझा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन धर्म बदलून आला, घरातले देव नाल्यात सोडले, आणि आमच्याकडून शब्द घेतला की यापुढे दगडापुढे डोकं टेकवायचं नाही. आता त्याच दारासमोरून मी गादीवर बसून जात होतो, त्यांच्या कुंपणाच्या भिंतीपेक्षा उंच. माझ्याजवळ शेत नव्हतं, बैल नव्हते, एक ती लोखंडी गादी होती. ती गेली असती तर मी पुन्हा दुसऱ्याच्या धुऱ्याबांधावर निंदायला बसलो असतो. एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल.

ट्रॅक्टर बैलांच्याच गोठ्यात, रांगेत शेवटी उभा राहत असे. गोठा सांभाळणारा एक म्हातारा होता, तांड्यावरचा बंजारा. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. बैलांशी तो त्यांच्या गोरबोलीत बोले, आमच्याशी आमच्या बोलीत. पहिले काही दिवस तो ट्रॅक्टरला वळसा घालून जात असे. मग जवळ येऊन उकिडवा बसू लागला. मी इंजिनाच्या बाजूची हवा गाळायची वाटी काढून धूत असलो, की तो मान वाकडी करून पाही.

"हे काय पेते?"

"पेत नाही काका. हवा याच्यातून आत जाते. वाटीतल्या तेलात धूळ बसते. मातीचा कण पोटात गेला तं इंजिन मरते."

"म्हंजे तोंडच म्हना."

मी म्हणालो, म्हणा. वाटीला आतून एक रेघ होती. तिथपर्यंतच तेल भरायचं, वर थेंब नाही, असं उस्तादानं सांगितलेलं. काहून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो बोलला म्हणजे संपलं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला मी गोठ्यात होतो. म्हातारा बैलांचे खांदे शेकत होता. पळसाचं पान कोमट हळद-लोण्यात बुडवायचं, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यावर दाबायचं, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. शेवटचा बैल झाला, आणि तो पान घेऊन ट्रॅक्टरपाशी आला. बॉनेटवर हळद दाबली. दिव्याच्या काचेशी तोंड नेऊन त्यालाही आवतन दिलं.

मी हसलो. "याले खांदा कोठी आहे काका?"

"खांदा नसला तं का झालं," तो म्हणाला. "वढते ना?"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी आमच्या मुलखात बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही आणि शिवारात कोणी काम काढत नाही. पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या खोचतात. करेच्या पहाटे त्या उपटायच्या, घरातला फाटका झाडू, फुटकं मडकं घ्यायचं, आणि रोगराई, खोकला, माशा, मुरकुट, सगळ्यांना निघून जा म्हणून ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायचं. गावात वर्षभर जे जे वाईट साचलं, ते त्या दिवशी शिवेपार होते. टाकून वळलं की मागं पाहायचं नाही.

आता मालकांचं नाल्याकडचं शेत त्याच शिवेला लागून. रब्बीसाठी पड ठेवलेलं. आठवडाभर झड लागली होती, ती नेमकी उघडली आणि जमिनीला वाफसा आला, ओल कामाजोगी झाली. काळ्या जमिनीचा वाफसा म्हणजे उंबऱ्यातला पाहुणा. बसला तर बसला, नाही तर गेला. मालकांनी सकाळी सांगितलं, माती फोडायचा तव्यांचा हॅरो लावून शेत फिरवून घे. म्हणाले, कर बैलाले असते, लोखंडाले कसली कर. मला ते पटलं. मी तर कर मानतच नव्हतो.

म्हातारा गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. "आज याले नको नेऊ बापू. काल जेवला आहे तो. जेवलेल्या ढोराले कोणी जुपते काय?"

मी त्याला थट्टेनं म्हणालो, की त्याचं पोट मोठं आहे, सोसेल. काडी काढून पाहिली, तेल बरोबर. पाणी बरोबर. चाकांचे नट पाहिले. हवेची वाटी मी चार दिवसांमागं धुऊन भरली होती, आज तिचा दिवस नव्हता. निघालो.

शेतात पोचलो तेव्हा शिवेवर सगळं पडलेलं होतं. पळसाच्या फांद्यांचा ढीग, पानं अजून हिरवी. झाडू. मडक्यांच्या खापऱ्या. कोणीतरी गवताची बाहुली करून तिला जुनं लुगडं नेसवलं होतं, ती ढिगावर उताणी, तोंड शेताकडं. मी हॅरो उतरवला आणि पहिला फेरा घेतला.

रोजच्या शिवारात आवाज असतात, पण सवयीनं ते ऐकू येत नाहीत, म्हणून ते आहेत असं कळत नाही. बैलांच्या घुंगरमाळा, कोणी तरी कोणाला हाक मारते, बाया निंदताना बोलतात. त्या दिवशी काहीच नाही. नजर जाईल तिथवर कापूस आणि ज्वारी उभी, आणि त्यात एक माणूस नाही. उघाडीचं ऊन असं पडलं होतं, की जमिनीतून वाफ निघून दूरचं झाड हलत होतं. नांगरामागं येणारे बगळेही आले नाहीत. ताजी माती उलटी पडत होती, किडे वळवळत होते, आणि खायला पाखरू नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या फेऱ्याला मला वाटू लागलं, की डाव्या मडगार्डवर कोणी बसलं आहे. कसं सांगू? माणूस बाजूला बसला की त्या बाजूचं ऊन अडते, तसं वाटलं. मी वळून पाहिलं. मडगार्ड रिकामं, तापलेलं. पुढं पाहिलं की पुन्हा तेच. शिवेच्या बाजूनं जाताना जास्त, नाल्याच्या बाजूनं जाताना कमी. मी काही भ्यालो नाही. पण मी त्या बाजूला थुंकणं बंद केलं, हे खरं.

आणि मग वास आला. तेलाची कढई तापली की येतो तो. सणाच्या दिवशी चुलीवर वडे सुटतात तेव्हाचा वास, गावापासून इतक्या दूर, वारा पडलेला असताना. मी नाक वर करून हुंगलं. भूक लागली असेल म्हटलं. मोठ्या बांधाशी वळून थांबलो. हॅरो उचलला, गियर काढला, रेसची दांडी खाली ओढली. भाकर खायची होती.

इंजिन खाली यायला पाहिजे होतं. ते वर गेलं.

आधी थोडं. मी दांडी पुन्हा ओढली, ती पुरी खाली होती. इंजिनाचा आवाज वाढतच गेला, जसं कोणी दुसऱ्यानं रेसवर हात ठेवला आहे. धुराड्यातून पांढरा धूर सुटला आणि त्या धुरात तो तळणाचा वास, आता नाकात झोंबणारा. मी बंद करायची मूठ ओढली. या मुठीनं डिझेल तुटते आणि इंजिन दोन उसासे टाकून मरते. रोज मरते. त्या दिवशी नाही मेलं. मी मूठ हातात धरून बसलो आणि ते माझ्याखाली ओरडत होतं.

वाकून टाकीखालचा कॉक बंद केला. आता नळीत राहिलं असेल तेवढंच डिझेल. म्हटलं, एवढं संपलं की बसेल. वाट पाहिली. कॉक बंद, मूठ ओढलेली, पोटात जायला थेंब नाही, आणि मशीन वाढत चाललं. बॉनेट थरथरून दिसेनासं झालं. स्टिअरिंगवर हात ठेवला तर दात वाजत. उपाशी जनावर ओरडते तेव्हा त्याचा आवाज हळूहळू खाली येतो. हे उपाशी असून वर जात होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, हे डिझेलवर नाही चाललं. हे दुसऱ्या कशावर तरी चाललं आहे.

पाय खाली उतरायला निघाले होते. मी त्यांना शिवी दिली. उतरून पळालो असतो, आणि त्या लोखंडाचे तुकडे उडाले असते, तर पाठीत बसले असते. एकच उपाय होता, ओझ्याखाली दाबून त्याचा दम कोंडायचा. क्लच दाबला. सगळ्यात वरचा गियर टाकला. हॅरो खाली सोडला, तवे मातीत जाऊ दिले. दोन्ही ब्रेक पायानं दाबून धरले, आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर उडाला नाही, पण उठला. पुढची चाकं जमिनीवरून वर आली, मला समोर नुसतं आभाळ दिसलं. पुढचं चाक उठलं की ड्रायव्हर गेला, असं उस्ताद सांगत असे. मागं पलटून गादीसकट माणूस मातीत जाते. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. काढला असता तर हे सांगायला नसतो. इंजिनानं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि मेलं. चाकं खाली आदळली.

मग जी शांतता झाली ती मला त्या आवाजापेक्षा वाईट वाटली. धूर शेतावर तसाच थांबून होता. तापलेलं लोखंड टिक टिक करत होतं. डावीकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. मडगार्ड रिकामं होतं. पण आता ते रिकामं वाटतही होतं. जे बसलं होतं ते उतरलं होतं.

गावाकडून माणसं आली होती. आवाज तिथवर गेला होता. सगळी शिवेच्या पलीकडं उभी, पळसाच्या ढिगाच्या त्या अंगाला, अलीकडं एकही पाऊल नाही. मालक पुढं, त्यांच्यामागं गावचा भगत. मालकांनी तिथूनच विचारलं, काय झालं. मी खरं ते सांगितलं. डिझेल तोडलं, कॉक बंद केला, तरी चालू राहिलं. हे ऐकल्यावर मागचे लोक आणखी मागं सरकले.

भगत नाक वर करून उभा होता. "तळणाचा वास येऊन राह्यला," तो हळूच म्हणाला. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. करेच्या दिवशी, भर दुपारी, शिवेवर टाकलेल्या पिडेशेजारी मशीन घातलं, ती भुकेली पिडा मशीनवर बसली. एका म्हातारीनं मोठ्यानं म्हटलं, की ज्याच्या घरी देव नाही त्याच्याच हातात असं होणार.

मालक अडाणी नव्हते, वाईटही नव्हते. पण सगळं गाव त्यांच्याकडं पाहत होतं. त्यांनी मला शिवेपार बोलावलं आणि सांगितलं, उद्या सकाळी इथं शिवेच्या शेंदरी दगडाला बकरं देऊ. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही.

"आन् बकऱ्याच्या आधी तू दगडावर डोकं ठेव," ते म्हणाले. "मंग गाडी घरी आन. नाही ठेवत, तं मारेगावहून दुसरा ड्रायव्हर आनतो. मले गावात राहाचं आहे."

घरी आलो. बापाच्या कानावर आधीच गेलं होतं. तो दोरी वळत बसला होता. मला वाटलं, तो मला वचनाची आठवण देईल. दिली नाही. दोरीचा पीळ ओढून घट्ट केला आणि म्हणाला, "डोकं तुहं आहे. कोठी टेकवाचं ते तू पाह्य. पन एकडाव टेकवाची सवय लागली का मंग ते कोठीबी टेकते."

दिवस कलला तसं जंगलाकडून आभाळ भरून येऊ लागलं. आणि मला आठवलं, की धुराड्यावर डबा पालथा घातला नाही. पाऊस धुराड्यातून इंजिनात उतरला तर मशीन भुताशिवायच मेलं असतं. हात लावू नको म्हटलं होतं, पण ते मशीन माझ्या हाताखालचं होतं. डबा घेऊन निघालो.

सूर्य बुडायला टेकला होता. लाल मशीन त्या उजेडात काळं दिसत होतं, एकटंच, तोंड माझ्याकडं. मी दुरूनच बोललो त्याच्याशी, हे सांगायला लाज नाही. धुराड्यावर डबा घातला. उतरताना हात इंजिनाला लागला. अजून कोमट होतं. इतक्या वेळानं इंजिन गार व्हायला पाहिजे. आणि हाताखाली काही तरी हललं.

मुंग्या होत्या. काळ्या, बारीक. मागच्या टायरवरून रांग चढून, क्लचच्या घरावरून, इंजिनाच्या कडेनं चालली होती. दुसरी रांग उतरत होती, उतरणाऱ्यांच्या तोंडात काही तरी. डिझेल आणि काळ्या तेलाच्या जागी मुंगी फिरकत नाही, इतक्या वर्षांत मी एक पाहिली नव्हती. मेलेल्या जनावरावर चढतात तशा त्या चढत होत्या.

रांग कुठं जाते ते पाहत मी वाकलो. हवेच्या वाटीपाशी जात होती.

वाटी अडकवलेला चिमटा सोडवून ती खाली घेतली. माझं काळं तेल त्यात नव्हतं. तळाशी पिवळं, चिकट काही तरी राहिलेलं. बोटानं घेऊन हुंगलं. जवसाचं तेल. आपल्या घरचं, खायचं. आणि तळाला एक मऊ झालेला खडा, मुंग्यांनी भरलेला. गूळ.

उस्तादानं ती रेघ काहून दाखवली होती, ते मला त्या शेतात, त्या उजेडात समजलं. वाटी काठोकाठ भरली की इंजिन हवेबरोबर तेलच ओढते. आणि डिझेलचं इंजिन कोणतंही तेल जाळते, जवसाचंही. मूठ ओढा, कॉक बंद करा, त्याला काय त्याचं? त्याला दुसऱ्या तोंडानं मिळून राहिलं होतं. जितकं जोरात फिरे तितकं जास्त ओढी, जितकं ओढी तितकं जोरात फिरे. कढईचा वास म्हणजे खरंच तळणाचाच वास होता. फक्त एक गोष्ट मला आजही उलगडली नाही. ती वाटी काही मोठी नव्हती. तेवढ्या तेलावर ते मशीन तितका वेळ कसं ओरडलं, आणि मडगार्डवरचं ऊन कोणी अडवलं होतं, हे विचाराल तर मी सांगू शकत नाही. जे समजलं ते लिहिलं.

सरळ गोठ्यात गेलो. म्हातारा बैलांना चारा टाकत होता. मी वाटी त्याच्यासमोर धरली. त्यानं ती हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि खाली बसला.

"सारं पेला नाही काय?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, पेला. गूळ राहिला.

तो सांगू लागला. पोळ्याच्या दिवशी सगळ्या बैलांना पुरणाच्या पोळ्या चारल्या. ट्रॅक्टरला आवतन दिलेलं होतं. पाहुण्याला बोलावून उपाशी कसं ठेवायचं? पोळी त्याच्यात जाईना. मग त्यानं आठवलं, की मी त्या वाटीत तेल ओततो. थकलेल्या बैलाला तेल-गूळ पाजतात तसं त्यानं पाजलं, काठोकाठ, हात आखडला नाही. तेल त्याच्या स्वतःच्या घरचं होतं.

"मी मारला का रे त्याले?" तो म्हणाला. डोळे बैलाकडं होते.

"मेला नाही. पोट बिघडलं."

"मंग चाल, मी सांगतो धन्याले. म्हन्तो का मीच पाजलं."

तो उठलाच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मालक ऐकून हसले असते तर गोष्ट वेगळी. पण सगळ्या गावापुढं भुताला भ्यालेला माणूस, आणि भूत म्हणजे गोठ्यातला म्हातारा, हे त्यांना सोसलं नसतं. म्हाताऱ्याला त्याच दिवशी काठी घोंगडी देऊन तांड्यावर पाठवलं असतं, आणि बैलांशिवाय तो पावसाळाही काढू शकला नसता. माझी गादी मी दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन राखणार नव्हतो. आणि दगडावर डोकं ठेवूनही नाही. दोन्ही दारं मीच लावून घेतली. हट्ट म्हणा.

"काका," मी म्हटलं, "पुढच्या पोळ्याले फक्त हळद."

"आवतन तं देऊ ना?"

"आवतन द्या."

पाऊस आला नाही. आभाळ नुसतं गुरगुरून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाव जमायच्या आधी मी शेतात गेलो. वाटी डिझेलनं धुतली, मुंग्या पुसल्या, वरची जाळी काढून धुतली, जाळीतून तेल निथळेपर्यंत ती उन्हात धरली. नवं काळं तेल रेघेपर्यंत भरलं. काडी काढून आतलं तेल पाहिलं. गियर काढला, चाकाखाली दगड लावले. मग गादीवर चढून बसलो आणि चालू केलं नाही. माणसांची वाट पाहिली. त्यांच्यामागं केलेलं कोणी मानलं नसतं.

ते आले. मालक, भगत, बकऱ्याला ओढत दोघं जण, आणि अर्धं गाव. म्हातारा सगळ्यांच्या मागं. मालक म्हणाले, उतर. मी बटण दाबलं. इंजिन लागलं. लोक मागं पळाले, एक जण पळसाच्या ढिगातच पडला. मी रेस वाढवली, वाढवली, काल ते जिथवर गेलं होतं तिथपर्यंत नेली. वाटी धुतली म्हणून ते ऐकेल, हे मलाही पक्कं माहीत नव्हतं. मी धुराकडं पाहत होतो, वास घेत होतो. मग मूठ ओढली.

इंजिन दोन उसासे टाकून मेलं. बकरं ओरडलेलं ऐकू आलं.

मालक एकदम ढिगावरून अलीकडं आले. म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. काय केलं तू, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हवेच्या वाटीत घाण झाली होती, धुतली. त्यांनी वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शहाणा माणूस होता. त्यांना कळलं की मी सगळं सांगत नाही, आणि हेही कळलं की विचारून उपयोग नाही. वाफसा दुपारपर्यंत टिकणारा नव्हता. मी उतरून चाकाखालचे दगड काढले, इंजिन पुन्हा लावलं, हॅरो मातीतून उचलला आणि गियर टाकला.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आवाजावरून ओरडून म्हणाले, "डोकं राहू दे. बसल्या जागून हात तरी जोड."

"मशीन चालू आहे मालक," मी ओरडलो. "स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढता येत नाहीत."

भगत आधी हसला. मग मालकांनी मान दुसरीकडं वळवली आणि बकरं दगडाकडं न्यायला हातानं खूण केली. मला त्यांनी उतर म्हटलं नाही. मी हॅरो खाली सोडला आणि उरलेला पट्टा धरला. हॅरो लागलेला असला की घडीघडी मागं वळून पाहावं लागते, तवे भरले का, काही अडकलं का. त्या पट्ट्याला मी मागं पाहिलं नाही.